दादाच्या वावरातून

आमच्या घरचा पहिला फोन नंबर आमचा नव्हताच. तो समोरच्या किराणा दुकानाचा होता. वडिलांच्या कार्डावर, ताईच्या लग्नपत्रिकेत, माझ्या दहावीच्या फॉर्मवर तोच नंबर आणि त्याच्यापुढे दोन अक्षरं: पी.पी. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना समजावायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की पी.पी. म्हणजे फोन शेजाऱ्याचा आणि माणूस आपला. फोन आला की दुकानातला पोरगा रस्त्यापलीकडून ओरडायचा, "मावशी, नाशिकहून फोन!" आणि आई कणकेच्या हातांनीच धावत सुटायची. तिकडून बोलणाऱ्याला आमच्या घराचा पत्ता ठाऊक असण्याची गरज नव्हती. दुकान माहीत असलं की झालं. आमचं घर दुकानदाराच्या डोक्यात होतं.

हे आठवायचं कारण म्हणजे २००६ साली मी आमच्या धुळ्याच्या घरात, नकळत, पुन्हा एक पी.पी. कनेक्शन जोडून घेतलं. या वेळी दुकानदाराच्या जागी दादा होता.

देवपुरातलं घर. खाली पुढच्या खोलीत दादाचं डीटीपीचं टेबल: लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, नोकरीचे फॉर्म, निकालाच्या प्रिंट. वर माझी खोली. मी इंजिनीअरिंगला, आणि माझ्याकडे तीन ठिकाणांहून जमवलेल्या भागांचा एक कॉम्प्युटर. ब्रॉडबँड दादाच्या धंद्यासाठी घेतलं होतं. वेग २५६ केबीपीएस. आज हा आकडा सांगितला की भाचे हसतात, पण २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणायला किमान एवढाच वेग लागायचा. आम्ही नियमाने ब्रॉडबँडवाले होतो.

मॉडेमला मागे दोन भोकं होती, एक लॅनचं आणि एक यूएसबीचं. दादाने लॅन घेतलं. मला वाटलं, आपण यूएसबी घेऊ, दोघांचं भागलं. पण यूएसबीची वायर पाच मीटरच्या पुढे नीट चालत नाही, आणि खालच्या टेबलापासून जिन्याने माझ्या खोलीपर्यंत पंधरा मीटर तरी होते. लॅनची वायर शंभर मीटर जाते. राऊटर, म्हणजे एकच कनेक्शन अनेक कॉम्प्युटरांना वाटून देणारी डबी, विचारला तर दुकानदाराने दोन हजारांच्या आसपास सांगितला. दोन हजारांत तेव्हा माझा महिना निघायचा. मग कॉलेजातल्या एका मित्राने तो मंत्र दिला: दादाच्या मशीनमध्ये दुसरं लॅन कार्ड टाक, वायर वर ओढ, आणि शेअरिंगची टिक मार. विंडोजमध्ये ही सोय १९९९ पासून, अठ्ठ्याण्णवच्या दुसऱ्या आवृत्तीपासून होती. कार्ड दोनशे-अडीचशेला मिळालं.

वायर मात्र मी स्वतः तयार करायची ठरवली. वीस मीटर केबल आणि मूठभर आरजे-पंचेचाळीस कनेक्टर विकत घेतले आणि पिनिंग करायचं प्लायर दुकानातून एका संध्याकाळपुरतं उसनं आणलं. वरचं राखाडी कवच सोललं की आत आठ बारीक तारा निघतात, दोन दोन एकमेकींना वेणीसारख्या पिळलेल्या. तो पीळ शोभेचा नसतो, शेजारच्या जोडीची कुजबुज या जोडीत शिरू नये म्हणून असतो. म्हणून टोकाशी गरजेपुरताच सोडवायचा. मी पहिल्यांदा उत्साहात दोन इंच सोडवला होता. मग तारा सरळ करून रांगेत लावायच्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. अंगठ्याच्या नखाखाली आठी दाबून धरायच्या, कात्रीने एका रेषेत कापायच्या आणि थरथरत्या हाताने त्या पारदर्शक टोपीत सरकवायच्या. प्रत्येक वेळी निळी आणि पांढरी-निळी आत जाताना एकमेकींची जागा घ्यायच्या. चार टोप्या वाया गेल्यावर पाचवी जमली.

दोन्ही टोकं लावली, आणि दिवा लागेना. ना त्याच्या कार्डावर, ना माझ्या.

त्या रात्री मी किती वेळा जिना चढलो-उतरलो, मोजलं नाही. कारण दुसऱ्या दिवशी कळलं. मी दोन्ही टोकांना तोच क्रम लावला होता. कॉम्प्युटर आणि स्विच (अनेक कॉम्प्युटरांच्या वायरी एकत्र जोडणारी डबी) यांच्या मध्ये ते चालतं, पण तेव्हाच्या कार्डांनी दोन कॉम्प्युटर थेट जोडायचे तर एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला लागायला हवं होतं. पहिली आणि दुसरी तार बोलण्याची, तिसरी आणि सहावी ऐकण्याची. सरळ वायरीत तोंडासमोर तोंड येतं, दोघं बोलतात आणि ऐकत कुणीच नाही. (आमच्या घराची सवय बघता वायरीने हे उचलणं साहजिक होतं.) म्हणून एका टोकाला पहिली तिसरीशी आणि दुसरी सहावीशी बदलायची. हीच क्रॉस केबल. उरलेल्या चार तारा त्या वेगाला नुसत्या बसून असतात. एक टोक कापून पुन्हा केलं, आणि हिरवा दिवा लागला. मी वरून ओरडलो, दादा खालून ओरडला, आणि आई म्हणाली, काय झालं, लाईट आली का?

एक टिक मारली की दादाच्या मशीनचं दुसरं कार्ड १९२.१६८.०.१ हे नाव धारण करायचं आणि माझ्या मशीनला आपल्या हाताने एक पत्ता वाटायचं. १९२.१६८ ने सुरू होणारे हे पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. जगातल्या लाखो घरांत तेच आकडे असतात आणि कुणाचंच कुणाशी भांडण होत नाही. धुळ्यात गल्ली नंबर चार म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेतो. मुंबईच्या पोस्टमनला नुसतं "गल्ली नंबर चार" सांगून बघा. तसंच आहे हे. माझा पत्ता घराबाहेर निरुपयोगी. मी वरून एखादं पान मागवलं की दादाचं मशीन त्यावरचं माझं नाव खोडून आपलं घालायचं, कोणत्या खिडकीतून मागणी आली याची वहीत नोंद करायचं, आणि उत्तर आलं की वही बघून वर धाडायचं. बाहेरच्यांना दिसायचा एकच पत्ता, दादाचा. इंटरनेटचे जुने पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सगळे मिळून ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे ओळखून ही युक्ती १९९४ साली लेखी मांडली गेली. आमच्या समोरच्या दुकानदाराला ती त्याआधीपासून येत होती.

पी.पी.ची जी खोड होती तीही सोबत आली. मी मागवलेलं मला मिळायचं, पण बाहेरून कुणी थेट मलाच शोधत आलं तर दादाच्या दारातच अडायचं. वहीत ज्याची नोंद नाही त्याला वर कसं सोडणार?

पहिले काही दिवस मला सगळं फुकटात साधल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं की माझं इंटरनेट दादाच्या मशीनच्या तब्येतीवर अवलंबून आहे. त्याने पत्रिकेतल्या गणपतीला मऊ सावली दिली की मशीनला घाम फुटायचा आणि माझं डाउनलोड लटपटायचं. त्याने मशीन रीस्टार्ट केलं की मी तुटलो. तो जेवायला उठताना सवयीने शटडाऊन करायचा, मी वरून पाय आपटायचो. उलट बाजूनेही काही कमी नव्हतं. निकालाच्या दिवशी दुकानात आठ पोरं प्रिंटसाठी उभी, आणि मी वर कसली तरी मोठी फाईल उतरवतोय. वेग बिटांत, फाईल बाइटांत, आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणून २५६ ला आठने भागलं की सेकंदाला बत्तीस केबी. ते मी एकटाच पीत बसलेलो. खालून आरोळी यायची, "वरचं बंद कर!" ही आरोळी आमच्या घरात इतकी मुरली, की आजही कुणी फार बडबड करायला लागलं तर आई म्हणते, वरचं बंद कर.

प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ कितीही वापरा, हिशेब नाही, अशी सवलत होती. तेव्हा लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टीमची, सीडी उतरवायचं वेड होतं. सीडी सातशे एमबीची. आता गणित करा: बत्तीस केबीने सहा तासांत होतात पावणेसातशे. म्हणजे सगळं सुरळीत चाललं, एकदाही लाईट गेली नाही, तरी पंचवीसेक एमबी उरायचे आणि आठचा ठोका पडायचा. आणि २००६ मध्ये धुळ्यात सहा तास सलग लाईट? भारनियमनाचं वेळापत्रक आम्हाला पंचांगापेक्षा पाठ होतं. तुटलं तिथून पुढे उतरवून देणारं सॉफ्टवेअर होतं म्हणून बरं, दोन रात्रींत सीडी व्हायची.

अडचण एवढीच, की रात्री दोनला चालू करायचं मशीन खालच्या खोलीत होतं, आणि त्याच खोलीत त्या दिवसांत आप्पा झोपायचे.

आप्पा म्हणजे आमचे आजोबा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आले होते. गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटाखाली फड. ज्यांनी फड पाहिला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. पाटाखालची गावची जमीन मोठाल्या तुकड्यांत वाटलेली असते, एकेक तुकडा म्हणजे एकेक फड, आणि त्या फडात शेतं कितीही जणांची असली तरी त्या वर्षी पीक एकच. या फडात ऊस तर ऊसच, त्यात गहू तर गहूच. पुढच्या वर्षी पाळी फिरते. पाणी उताराने आपसूक वाहतं, दिवसरात्र. पांझरेवर ही पद्धत शेकडो वर्षं चालली. ते पाणी कुणाला केव्हा द्यायचं हे शेतमालक ठरवत नाही, पाटकरी ठरवतो. आप्पांनी उमेदीच्या काळात काही वर्षं ते काम केलं होतं, त्यामुळे रात्री दोनला त्यांना आपोआप जाग यायची. जागे असले की ते खाटेवर बसून राहायचे, जणू पाटावरच आहेत.

मी मॉनिटरच्या उजेडात दादाचं मशीन चालू करतोय, मॉडेमचे दिवे लुकलुकताहेत, आणि अंधारातून आवाज:

"हाई काय शे रे भो?"

मी दबक्या आवाजात सांगितलं, की इंटरनेट या डबीतून दादाच्या मशीनमध्ये येतं आणि तिथून या वायरीने वर माझ्या खोलीत जातं.

आप्पांनी एका डोळ्यावरचं हिरवं फडकं सारखं केलं. "म्हंजे पानी त्याना वावरमाईन ई राहिनं."

"हो, तसंच. त्याच्या शेतातून."

"आनि तो जपना का तुनं वावर कोल्लं."

दादा झोपला की माझं शेत कोरडं. याहून नेमकं मला पुढे कॉलेजातही कुणी सांगितलं नाही.

"मंग मधमा पाटकरी ठेवा ना."

"पाटकरी दोन हजाराला मिळतो, आप्पा."

ते हसले नाहीत. दोन हजारांचा हिशेब लावत असावेत. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. गावात एकदा पाटकरी आजारी पडला, तेव्हा पाटाच्या तोंडाशी ज्याचं शेत होतं त्याच्याकडेच आठ दिवस फावडं दिलं. माणूस सज्जन होता, आप्पा म्हणाले, चोरी केली नाही. पण रोज संध्याकाळी आधी स्वतःचं शेत बघून यायचा आणि मग पुढचं दारं, म्हणजे पुढच्या शेताची पाण्याची वाट, फोडायचा, आणि तेवढ्यात शेवटच्या शेतातला गहू माना टाकायचा. पाटकऱ्याला त्या पाण्यावर पीक काढायचं नसतं, म्हणूनच त्याच्या हातात फावडं द्यायचं.

मी वर गेलो, डाउनलोड लावलं, आणि झोप येईपर्यंत हेच डोक्यात फिरत राहिलं. दादा काही वाईट नव्हता. मशीनने एका वेळी दोन कामं करायची होती, स्वतःचं पीक आणि माझं दारं. राऊटर ही अवघड वस्तू असते असं मी तोवर समजत होतो. ते एक अगदी साधं मशीन असतं, फक्त त्याला स्वतःचं वावर नसतं.

तोंडाशी बसणाऱ्याला पुराचा लोंढाही पहिला लागतो, हे थोड्याच दिवसांत कळलं. दादाचं मशीन थेट बाहेरच्या पत्त्यावर उभं, त्यात अगदी पहिलं विंडोज एक्सपी, आणि दुरुस्तीचे पॅच आम्ही कधी टाकलेच नव्हते. एका दुपारी पडद्यावर चौकट आली, साठ सेकंदांत कॉम्प्युटर बंद होणार, आणि आकडे उलटे मोजायला लागले. हे काम नेटवरून आपोआप पसरणाऱ्या व्हायरसांचं, ज्यांना किडे म्हणतात. ब्लास्टर २००३ चा, सॅसर २००४ चा, पण असे किडे दोन-तीन वर्षांनीही दारोदार फिरत होते. कुणी मेल उघडला नव्हता, काही क्लिक केलं नव्हतं. नुसतं कनेक्ट असणं पुरेसं होतं. समोर पत्रिकेचं प्रूफ बघायला मुलीचे वडील बसलेले. दादा त्या साठ सेकंदांत फाईल सेव्ह करायला धडपडतोय आणि फाईल सेव्ह होत नाहीये. माझ्या मशीनला काही झालं नाही. मी आडोशाला होतो, शिवाय माझ्याकडे मित्राने दिलेला सर्व्हिस पॅक दोन होता, ज्यात फायरवॉल, म्हणजे बाहेरून घुसणाऱ्याला अडवणारी भिंत, आपोआप चालू असते. मी ती सीडी खाली नेली तेव्हा दादा माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती मी विसरलेलो नाही. वर्षभर माझ्यासाठी मशीन जागं ठेवणाऱ्याला मी ती सीडी आधीच द्यायला हवी होती. सुचलंच नाही. आडोशाला असणाऱ्याला सुचत नाही.

शेवट फारच फजितीचा झाला. पुढच्या पावसाळ्यात फोनवर खरखर येते म्हणून लाईनमन आला. त्याने वायर तपासली, मॉडेमकडे पाहिलं, दादाच्या पडद्यावरचं डायल करायचं चिन्ह पाहिलं आणि विचारलं, "हे ब्रिजमध्ये का ठेवलंय?"

कुणाला माहीत, आम्ही का ठेवलं होतं. लावून दिलं तसं वापरत होतो. त्याने ब्राऊझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं. मॉडेमचं पान उघडलं. एका यादीत ब्रिज, म्हणजे मॉडेमने नेट नुसतं पुढे ढकलायचं, आणि त्याच्या खाली पीपीपीओई, म्हणजे मॉडेमनेच डायल करायचं, असं होतं. ते निवडलं, दादाचं युजरनेम-पासवर्ड त्यातच भरलं, सेव्ह केलं. मॉडेम बंद करून पुन्हा चालू केला. आता डायल मॉडेमच करणार होता. पत्ते तोच वाटणार, वही तोच ठेवणार. "आता पाच पोर्टचा साधा स्विच आणा," तो म्हणाला, "दोन काय, चार कॉम्प्युटर लावा."

पाटकरी वर्षभर टेबलावरच बसून होता, दिवे लुकलुकवत. आम्ही त्याला नुसता हमाल समजत होतो. काखेत कळसा.

हे ज्यांच्या घरी अजून कधी घडायचं असेल त्यांच्यासाठी एकच खूण सांगतो. डायल कोण करतंय ते बघा. कॉम्प्युटरवर युजरनेम टाकून कनेक्ट करावं लागत असेल, तर डबी नुसतं पाणी पुढे ढकलते आहे आणि वाटणी तुमच्या गळ्यात आहे. काही न करता कॉम्प्युटरला १९२.१६८ सारखा पत्ता मिळत असेल, तर डबीच्या पोटात राऊटर आहे, आणि तुम्हाला हवा आहे फक्त स्विच. तो माझ्या आठवणीत चार-साडेचारशेचा होता. त्याला सरळ वायरही चालायची आणि उलटीही, तो आपला आपण ओळखून घ्यायचा. माझी क्रॉस केबल त्यामुळे जिन्यातून निघालीच नाही.

दादाला वाटलं का काही? मी विचारलं होतं. तो म्हणाला, "रात्री दोनला पंखा घरघरायचा बंद झाला, बरं झालं." मलाही मोकळं वाटलं, खोटं कशाला बोला. भावाच्या मेहेरबानीवर पाणी भरण्यात कसलीही गोडी नसते.

आता मी नाशिकला. घरात फायबर, भिंतीवर एकच डबी, तिच्यात मॉडेम, राऊटर, वायफाय सगळं. एकदा सहज तिचं पान उघडून बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहिला, तर तो १००.६४ वगैरे. ओळखलं. हे पत्ते २०१२ साली खास कंपन्यांसाठी राखून ठेवले गेले: पुरेसे खरे पत्ते नसले की कंपनी शेकडो घरं एकाच पत्त्यामागे उभी करते आणि आत हे आकडे वाटते. म्हणजे माझी डबी घरच्यांची पी.पी., आणि कंपनी माझ्या डबीची पी.पी.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी होतो. आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. दुपारी खापरावरची पुरणपोळी आणि रस झाल्यावर सगळे आडवे झालेले, बाहेर निंबाला बांधलेल्या झोक्यावर पोरी. काकांची नात ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसली होती, कसल्या तरी परीक्षेचा फॉर्म, शेवटची तारीख. गावात फायबरची वायर आलेली नाही. नेट काकांच्या फोनच्या हॉटस्पॉटवर. मी तिच्या पडद्याकडे बघत होतो. फोटो चढला, सही चढली, फी भरायचं पान गोल गोल फिरायला लागलं.

तेवढ्यात कुणीतरी गल्लीतून ओरडलं, लाईन उनी! थ्री फेज आली होती. काका झटकन उठले, फोन खिशात घातला, आणि मोटारसायकलला किक मारून निघालेसुद्धा. पान फिरायचं थांबलं.

"आबा! थांबा! नेट!"

काका फाटकापाशी थांबले. "लाईन उनी ना माय, मोटर चालू करानी शे."

"पाच मिनिटं. हलू नका. फोन वर धरा."

त्यांनी फोन काढून वर धरला. एक पाय जमिनीवर, गाडी चालूच. "मी काय आते आठेच हुबा राहू का?"

पान पुन्हा फिरायला लागलं. फोन कूं करून वाजला. ओटीपीही त्यांच्याच नंबरवर. नात ओरडली, वाचा, वाचा! काकांनी चष्मा घरातच ठेवला होता. त्यांनी फोन हाताच्या अंतरावर नेला, मग जवळ आणला, मग उन्हाकडे पाठ केली.

"चार," ते ओरडले. "सात. मंग… शून्य शे का आठ शे हाई?"